वाढप्यांची यादी

मामा,

फोन तीनदा लावला. तिन्ही वेळा मामीनं उचलला आणि तिन्ही वेळा तुम्ही "वावरात गेले" होते. तिसऱ्या वेळी मागून तुमचा खोकला ऐकू आला. मी म्हणणारच होते, "मामी, वावर घरात आलं का?" पण तिला कशाला अवघडात टाकू! म्हणून हे पत्र. पत्र तुम्ही न वाचता ठेवणार नाही. लिहिलेल्या कागदाचा मान राखायचा, पाय लागला तर उचलून कपाळाला लावायचा, हे मी तुमच्याकडूनच शिकले. कपाळाला लावणं मी सोडलं. उचलणं अजून सोडलेलं नाही.

चष्मा लावून स्वतः वाचा. मामीला वाचायला सांगू नका, ती मधलं मधलं गाळते.

आठ महिने झाले, मामा. साठ वर्षांत आपण आठ दिवस अबोला धरला नव्हता. मी देव मानत नाही असं पहिल्यांदा सांगितलं, त्या दिवशीसुद्धा तुम्ही रात्री मला जेवायला हाक मारली होती. "देव नाई मानत त नको मानू, पण भूक त मानतं ना?" असं म्हणून ताटात दोन भाकरी टाकल्या होत्या. मग गेल्या माघातच काय एवढं झालं?

काय झालं ते दोघांनाही माहीत आहे. पण हे पत्र आणखी चार लोक वाचतील, म्हणून थोडक्यात सांगते. आणि आधीच सांगते की ते शिबिर मोझरीच्या आश्रमाचं नव्हतं, कुठल्या मोठ्या संस्थेचंही नव्हतं. गावानं गावासाठी ठेवलेलं मोतीबिंदू तपासणीचं शिबिर. शाळेच्या पटांगणात सतरंज्या, पाणी, जेवण हे तुमच्या भजनी मंडळींकडे. डॉक्टर, तपासणीची यंत्रं, नावनोंदणी हे आमच्या शहरातल्या गटाकडे. आसपासच्या खेड्यांतली म्हातारी माणसं सकाळी सातपासून येऊन बसलेली. तपासणी साडेआठला सुरू व्हायची ठरलेली. आणि तुमच्या मंडळींनी ऐनवेळी जाहीर केलं, आधी सामुदायिक प्रार्थना, मग चिठ्ठ्या.

मी म्हटलं, चिठ्ठ्या आधी देऊ, ज्याला बसायचं तो प्रार्थनेला बसेल. तर एक जण म्हणाला, "ताई, वीस मिनिटांनं कोणाचा डोळा जाते का?" नाही जात. पण ज्याच्या हातात चिठ्ठी नाही तो उठून जाऊ शकत नाही, एवढं त्याला कळत नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. उपचाराच्या दारात उभ्या असलेल्या माणसाकडून हात जोडून घेणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. त्यावर मी तुमच्याशी अजूनही भांडेन.

खरं ते सांगते, त्या गर्दीत बुरख्यातली एक म्हातारी होती. ती डोळे मिटून शांत बसली होती. ओठ हलत होते, ती बहुधा आपली दुवा म्हणत असावी. तिला काही अडचण नव्हती. अडचण मला होती. हे मी त्याच वेळी पाहिलं होतं मामा, आणि मुद्दाम नजर दुसरीकडे वळवली, कारण ते माझ्या सोयीचं नव्हतं.

पण आपलं बिनसलं ते प्रार्थनेवरून नव्हे. बिनसलं दुपारी, पंगतीत. आमच्यातला तो उंच, सडपातळ पोरगा आठवतो? दर्यापूरकडचा. सकाळपासून म्हाताऱ्यांचे हात धरून त्यांना आत नेत होता, बाहेर आणत होता. दुपारी त्यानं वरणाची बादली उचलली, आणि तुमच्या मंडळींतल्या एका जवान माणसानं त्याचा हात धरला. "सकाळी हात नाई जोडले ना? मंग अन्नाले हात नको लावू." पोरानं वाद घातला नाही. बादली खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि जाऊन शाळेच्या पायरीवर बसला.

तुम्ही दोन हातांवर होतात. मठ्ठा वाढत होतात. तुमच्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं, पण तो माणूस तुमच्या उजव्या बाजूला उभा होता. तुम्ही ऐकलंत. पुढच्या पत्रावळीकडे वळलात आणि मठ्ठा वाढत राहिलात.

मग मी जे केलं ते केलं. माईक चालू होता. मी म्हटलं, "ज्याला समोरचा माणूस दिसत नाही त्या देवालाच मोतीबिंदू झाला असेल. त्यालाही एक चिठ्ठी द्या." आमचे लोक हसले. तुमचे हसले नाहीत. पंगतीतली म्हातारी माणसं आपापल्या पत्रावळीत पाहू लागली. तुम्ही पळी गंजात ठेवली, भगवी टोपी सारखी केली आणि न जेवता घरी निघून गेलात.

त्या वाक्याची मी माफी मागते. उपाशी बसलेल्या, पाहुण्या आलेल्या माणसांसमोर, त्यांच्या देवाबद्दल, तेही माईकवरून. ज्या माणसांच्या डोळ्यांसाठी आलो होतो त्यांनाच मी खाली पाहायला लावलं. माफी वाक्याची आहे हं. त्या पोराच्या हातातून बादली घेतली गेली ते चूकच होतं, आणि तुम्ही गप्प राहिलात तेही.

आता रागावलात ना? थांबा. पुढे वाचा.

तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी, आश्विन वद्य पंचमी, जवळ आली की मला तुमची सायकल आठवते. मी सात-आठ वर्षांची असेन, म्हणजे १९७१-७२. पुढच्या दांड्यावर टॉवेल गुंडाळून मला बसवायचं आणि मोझरीपर्यंत दामटायची. रस्ताभर तुम्ही महाराजांच्या गोष्टी सांगायचात. यावलीचा माणिक, वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला तुकड्या केलं ती गोष्ट. १९४२ ला चंद्रपुरात इंग्रजांनी धरलं, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं ती गोष्ट. १९३५ ला मोझरीच्या माळावर आश्रम उभा राहिला ती गोष्ट तर इतक्यांदा, की मला वाटायचं पहिला खड्डा तुम्हीच खोदला. तेव्हा तुमचा जन्मसुद्धा झालेला नव्हता! पण गोष्ट सांगताना तुम्ही "आमी खड्डे खंदले" असंच म्हणायचात. मी कधी हरकत घेतली नाही. तेवढी श्रद्धा माझ्यातही होती.

११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले, त्या दिवशी तुम्ही तिथे होतात. त्याबद्दल मात्र फारसं बोलला नाहीत. ४ वाजून ५८ मिनिटांचं मौन सुरू झालं की तुमचा जबडा घट्ट व्हायचा, एवढंच मला दिसायचं. माझ्यासारख्या पोरीला ते मौन म्हणजे जादू वाटायची. एवढी अफाट माणसं, खंजिऱ्या, टाळ, पोरांची रडारड, फुगेवाले, आणि एका क्षणात सगळं बंद. तुम्ही सांगितलं म्हणून मी श्वाससुद्धा धरून ठेवायची.

आणि प्रार्थना मंदिर. आठवतं, मी काय विचारलं होतं? समोर मूर्ती नाही, फोटो नाही, नुसतं अधिष्ठान. मी तुमच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "मामा, देव कोठी हाये?" तुम्ही म्हणालात, "तुह्या बाजूले कोण बसलं हाये ते पाह्य. तोच." मी पाहिलं. बाजूला एक शेंबडं पोरगं आजीच्या मांडीवर बसून बोट चोखत होतं. मला देव मुळीच आवडला नाही.

पुढे कॉलेजात गेले, विज्ञान शिकले. नागपूरला १९८२ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम सुरू झालं होतं, श्याम मानवांची व्याख्यानं गाजत होती. त्यातल्या एका व्याख्यानाला जायला मला एसटीचे पैसे कोणी दिले? तुम्ही दिले. "जाय, ऐकून ये. महाराजांनी तरी दुसरं काय सांगतलं? कोंबडे-बकरे कापू नका, अंगात आलं म्हणून भेऊ नका." तेव्हापासून मी या ना त्या गटात आहे. तुम्ही लोकांना सांगता की पोरगी शहरात जाऊन बिघडली. मला विचाराल तर बिघडायला सुरुवात त्या प्रार्थना मंदिरात झाली. रिकामं आसन तुम्ही दाखवलंत, मी ते रिकामंच धरून चालले.

आपलं भांडण कधी नव्हतं असं नाही. वीस डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, तुमच्या अंगणात दरवर्षी तोच वाद. बाबा तुमचे की आमचे? मी म्हणायची, पाया पडायला वाकलेल्याच्या पाठीत काठी घालणारा माणूस, तीर्थात धोंडा-पाणी आहे म्हणणारा माणूस, तो तुमचा कसा? तुम्ही म्हणायचात, दिवसा खराटा आणि राती कीर्तन, त्यातलं कीर्तन कुठे लपवशील? मी सांगायची, पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली, तेव्हा तिथे रोज नाम घ्या अशी अट घातली होती का? त्यावर तुम्ही मिशीतल्या मिशीत हसायचात. "मंग घेणाऱ्यानं तरी इचारलं का, की बुवा, तुमी नाम काऊन घेता?" मी गप्प. मामी चहा आणायची आणि म्हणायची, बाबाईनं तुम्हां दोघांलेही झाडू हातात देल्ला असता.

मी तुम्हाला टोचायची तेही सांगते. १९६४ मध्ये विश्व हिंदू परिषदेच्या स्थापनेच्या वेळी महाराज होते, हे मी मुद्दाम काढायची. तुम्ही शांतपणे म्हणायचात, "आन् १९५५ ले जपानले खंजिरी घेऊन गेले, ते कोण्या हिंदूले भेटाले?" महाराजांच्या ग्रामगीतेवर मी बोलू लागले की तुम्ही आधी विचारायचात, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस अध्याय वाचले का? मी वाचले नव्हते. नंतर वाचले, केवळ तुम्हाला हरवायला. आणि पाहिलं तर ते पुस्तक अर्पणच केलेलं ग्रामदेवतेला, म्हणजे गावालाच, गावातल्या लहानथोरांना. हे वाचल्यावर तुम्हाला हरवायची निम्मी हौस गेली. तुम्हाला सांगितलं मात्र नाही.

असं भांडत भांडत आपण किती काम केलं, मामा! मोवाड आठवतं? ३० जुलै १९९१. वर्धा नदी गावात शिरली, दोनशेहून अधिक माणसं गेली. आपण गेलो तेव्हा घराघरांत गुडघाभर गाळ होता. कुजलेलं धान्य, मेलेली जनावरं. तो वास महिनाभर केसांतून गेला नव्हता. तुम्ही पन्नाशीला टेकलेले, पण फावडं धरलं की पोरांना लाजवायचात. संध्याकाळी हातपाय धुऊन तुम्ही सात-आठ जण प्रार्थनेला बसायचात. आम्ही तिघं-चौघं मागच्या बाजूला चुलीजवळ आलू सोलत बसायचो. प्रार्थना संपली की तुम्ही विचारायचात, "आलू झाले का गा?" आम्ही विचारायचो, "तुमचं झालं का?" कोणी कोणाची हजेरी घेतली नाही. तुमच्यातला एक जण तर रोज प्रार्थनेतून लवकर उठून यायचा, फोडणी करपू नये म्हणून. तुम्ही त्याला एका शब्दानं बोलला नाहीत.

मेळघाटातला तो भुमका, तो मांत्रिक? त्याची आठवण काढली तर मला अजून थोडी शरम वाटते. पोट फुगलेल्या लेकराला डंबा देतात, तापलेल्या विळ्यानं पोटावर चटके. आम्ही चित्रं घेऊन गेलो, तक्ते घेऊन गेलो, जंतू कसे असतात ते दाखवलं. भुमका ऐकून घ्यायचा आणि आमची पाठ वळली की विळा चुलीत घालायचा. तुम्ही मात्र त्याच्या ओट्यावर जाऊन बसलात. तंबाखू मळली, त्याला दिली. त्याच्या देवाचं नाव विचारलं, हात जोडले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "बाप्पा, तू लेकरासाठीच करतं ना? मीबी लेकरासाठीच आलो. एखादं लेकरू आधी दवाखान्यात नेऊन पाहू, मंग तुहा विळा हायेच." त्यानं लेकरू नेऊ दिलं. माझ्या तक्त्यांनी जे झालं नाही ते तुमच्या हात जोडण्यानं झालं. परतताना जीपमध्ये मी चिडून म्हटलं, तुम्ही त्याच्या अंधश्रद्धेला मान दिला. तुम्ही म्हणालात, "मान त्याले देल्ला माय, त्याच्या विळ्याले नाई." घटांगच्या घाटापर्यंत मी बोलले नाही.

तुमचं मन मोठं होतं, म्हणून तर त्या दिवशीचं तुमचं गप्प राहणं मला सोसवेना. बाबा आमट्यांबद्दल तुमच्या मंडळींतलं कोणीतरी एकदा म्हणालं, की ते काय, देवळात जाणारे नाहीत. केवढे भडकला होतात! वरोऱ्याच्या माळावर सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन उतरलेला माणूस. "तो जखमा धुते. अजून कोन्ती पूजा करायची राह्यली त्याची?" हे तुमचे शब्द. अमरावतीला कुष्ठरोग्यांच्या तपोवनात मला जखमा बांधायला शिकवलं तेही तुम्हीच. पट्टी उचकटताना त्या आजीकडे पाहायचं, जखमेकडे पाहून तोंड वाकडं करायचं नाही. तेव्हा मी विचारलं नाही की मामा, तुम्ही हे कोणत्या देवासाठी करता. तुम्हीही मला विचारलं नाही की देव नाही तर हे कशासाठी करतेस.

नंतर विचारलंत. एकदाच. मामीच्या ऑपरेशनच्या रात्री, दवाखान्याच्या व्हरांड्यात. "माय, एक सांग. आमी थकलो त देवाले सांगतो. तुमी लोकं थकल्यावर कोणाले सांगता?" मी काहीतरी उत्तर दिलं. माणुसकी, विवेक, असले मोठे शब्द असतील. ते तुम्हाला पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं.

मग हे सगळं कुठे हरवलं? मी या आठ महिन्यांत पुष्कळ विचार केला. मला वाटतं, पूर आला की कोणाचं कोण हे विचारायला वेळ नसतो. शिबिराला फलक असतो, फलकावर नावांचा क्रम असतो, फोटो असतो, आणि मग कोण आधी, कोणाची पद्धत, हे सगळं येतं. तुमच्याकडच्या आजच्या पोरांनी महाराजांना पाहिलेलं नाही, मोवाडचा गाळ पाहिलेला नाही. त्यांना टोपी आधी मिळाली, फावडं नंतर. टोपीचाच त्यांना आधार आहे, म्हणून ती दुसऱ्याच्या डोक्यावर नसली की त्यांना अपमान वाटतो. आमच्याकडेही काही फार निराळं नाही. आमची पोरं पंगत वाढायच्या आधी वाद घालायला शिकतात. कार्यक्रमाच्या आधी आम्ही संविधानाची उद्देशिका म्हणतो, आणि कोणी तेव्हा खुर्चीत बसून राहिला तर आमच्याही माना त्याच्याकडे वळतात. आम्ही त्याला प्रार्थना म्हणत नाही एवढंच.

आता जे लिहायचं आहे ते मी शेवटपर्यंत टाळत होते. २० ऑगस्ट २०१३. पुण्यात सकाळी डॉक्टर दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्यांची संघटना वेगळी, आमचा गट वेगळा, तरी बातमी ऐकून मी खाली बसले. पहिला फोन तुमचा आला. तुम्ही एवढंच विचारलं, "तू घरीच हायेस ना?" आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं अमरावतीला येऊन दारात उभे राहिलात, हातात मामीनं दिलेला डबा. इर्विन चौकात आम्ही मूक निदर्शनाला उभे राहणार होतो. "मीबी येतो," म्हणालात. आलात. पांढरा सदरा, भगवी टोपी. रांगेत उभे राहिलात. आणि आमच्यातला एक जण तुमच्याजवळ येऊन म्हणाला, "काका, फोटो निघणार आहे. टोपी काढून ठेवता का?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी हातातला फलक सरळ करत होते.

तुम्ही टोपी काढली, घडी केली, खिशात ठेवली. तासभर उन्हात उघड्या डोक्यानं उभे राहिलात. घरी आल्यावर चहा घेतला, डबा रिकामा करून मागितला, संध्याकाळच्या गाडीनं गेलात. त्या दिवसाबद्दल तुम्ही पुन्हा कधी बोलला नाहीत. मामीलाही सांगितलं नसावं, नाहीतर तिनं मला सोडलं नसतं.

त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. आम्ही पेढे वाटले. तुमच्या गावात पेढे तुम्ही वाटलेत, असं मला वर्षभरानं कोणाकडून तरी कळलं.

पंगतीतल्या त्या पोराबद्दल तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही. तो हात का जोडत नाही, हे तुमच्या माणसानं विचारलं नाही, तुम्हीही नाही. मीसुद्धा विचारलं नव्हतं. माझ्या लेखी तो आमचा, बस्स. गेल्या महिन्यात तो आपणहून बोलला. त्याच्या आईला कावीळ झाली होती. एका बाबाकडे ती उतरवायला नेलं. माळ घातली, अंगारा दिला, रोज सकाळी सगळ्या घरानं हात जोडून बसायचं असं सांगितलं. पोरगा तेव्हा दहा वर्षांचा. तो रोज बसला. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तो म्हणाला, "ताई, मले कोणाच्या देवाचा राग नाई. हात जुळतच नाईत. आई समोर दिसते." मग म्हणाला, "त्या दिवशी ते मठ्ठेवाले आजोबा उपाशी गेले ना? मीबी जेवलो नव्हतो."

मामा, त्यानं तुमच्याबद्दल विचारलं. रागानं विचारलं नाही.

आता कामाचं. तुमचे सरपंच परवा येऊन गेले. शिबिर यंदा पुन्हा घ्यायचं म्हणतात, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी. डॉक्टर मी ठरवले आहेत. गेल्या वेळच्या ज्या लोकांची शस्त्रक्रिया राहून गेली त्यांची नावं वेगळ्या कागदावर जोडली आहेत, त्यांच्या घरी निरोप तुम्हालाच द्यावे लागतील. माझ्या निरोपावर ती माणसं येत नाहीत, तुमच्या येतात. चिठ्ठ्या सकाळी सातपासून, जो येईल त्याला, लगेच. प्रार्थना आठ वाजता, पिंपळाखाली, ज्याला बसायचं त्याच्यासाठी. तिथे चांगला माईक लावून देण्याची जबाबदारी माझी. तेवढ्या वेळात आम्ही आलू सोलू. आलू-वांग्याला तिखट जरा कमी सांगा, गेल्या वेळी म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदूपेक्षा पाणीच जास्त होतं.

पंचमीला मी मोझरीला येते आहे, दरवर्षीसारखी. चारपर्यंत पोचेन. मौन मला चालतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या उजव्या बाजूला बसेन.

आणि त्या रात्रीच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला या आठ महिन्यांत सापडलं. थकल्यावर मी कोणाला सांगते? फोन तीनदा लावला होता, मामा.

सोबत वाढप्यांची यादी आहे. अकरा नावं. सहा तुमच्या मंडळींची, पाच आमची. वरणाच्या बादलीसमोर त्या पोराचं नाव लिहिलं आहे, मठ्ठ्यासमोर तुमचं. त्या दिवशी पंगत बसली की ही यादी माईकवरून वाचायची आहे. मी माईकला हात लावणार नाही. तुम्ही वाचा.

तुमची,
भाची